मोटारीच्या ब्रेकचा आवाज : कोणता साधा, कोणता धोक्याचा?

पावसाळ्यात रात्रभर अंगणात उभी असलेली मोटार सकाळी रस्त्याला लागली, की पहिल्या एकदोन वेळा ब्रेक दाबताना चाकांतून खरखर ऐकू येते. घरातील एखादे माणूस त्याने घाबरून जाते. दुसरे एखादे महिनोन् महिने होणाऱ्या किंकाळीकडेही 'गाडी जुनी झाली' एवढे म्हणून दुर्लक्ष करते. पहिल्याची भीती अनाठायी असते, दुसऱ्याची निश्चिंती मात्र घातक ठरू शकते. आम्ही कलाशाखेचे पदवीधर. यंत्रविद्या हा आमचा विषय नव्हे. तथापि ज्या वाहनावर आपण कुटुंबाचा भार सोपवितो, त्याच्या आवाजाचा अर्थ प्रत्येक सुशिक्षित माणसास ठाऊक असावा, असे आम्हांस वाटते.

प्रथम ब्रेकचे कार्य पाहू. १,००० किलोग्रॅम वजनाची मोटार ताशी ७२ किलोमीटर वेगाने धावत असेल, तर तिच्या ठायी २ लक्ष ज्यूल इतकी गतिज ऊर्जा असते. मोटार थांबविताना ब्रेक या ऊर्जेचे घर्षणाने उष्णतेत रूपांतर करतात. एवढ्या उष्णतेने एक लिटर पाणी सुमारे ४८ अंश सेल्सिअसने अधिक तापेल. वेग निम्मा केला, तर ही ऊर्जा चौथाईवर येते, हे गणितही विद्यार्थ्यांनी ध्यानी ठेवावे.

आजच्या बहुतेक मोटारींच्या पुढील चाकांना डिस्क ब्रेक असतात. चाकाबरोबर फिरणारी बिडाची एक तबकडी असते आणि तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारे दोन पॅड असतात. इंग्रज अभियंता फ्रेडरिक लँचेस्टर याने १९०२ साली अशा ब्रेकचे पेटंट घेतले. त्या ब्रेकमध्ये धातूवर धातू घासला जाई व कर्कश आवाज होई. म्हणजे ब्रेकच्या आवाजाची तक्रार डिस्क ब्रेकइतकीच जुनी आहे!

हा आवाज निघतो कसा? सारंगीचा गज तारेवरून फिरताना तार क्षणभर गजाला चिकटते व लगेच सुटते. असे वारंवार होऊन तिला कंप सुटतो. पॅड आणि तबकडी यांच्यातही असेच घडते. कंपने सेकंदाला हजारांच्या घरात गेली, की कानाला तीक्ष्ण किंकाळी ऐकू येते.

आता एकेका आवाजाचा विचार करू. सकाळची खरखर ही तबकडीवर दमट हवेने धरलेल्या गंजाच्या पातळ थराची असते. चारदोन वेळा ब्रेक दाबताच तो थर पुसला जातो व आवाज थांबतो. यात काळजीचे कारण नाही.

परंतु दर वेळी ब्रेक दाबताना बारीक, चिरका आवाज येऊ लागला, तर तो मुद्दाम योजलेला इशारा असण्याचा संभव असतो. नव्या पॅडवरील घर्षणद्रव्याचा थर साधारणतः १० ते १२ मिलिमीटर जाड असतो. तो झिजून २-३ मिलिमीटर उरला, की पुष्कळशा पॅडना बसविलेली पोलादाची छोटी पट्टी तबकडीला टेकते आणि ओरडू लागते. अशा वेळी काही दिवसांच्या आत पॅड तपासून घ्यावेत.

हा इशारा कोणी मानला नाही, तर पुढे जाड, जड घरघर सुरू होते. याचा अर्थ घर्षणद्रव्य संपले व पॅडची लोखंडी पाठ तबकडीला खरवडू लागली. आता मोटार पुढे नेऊ नये. मिस्त्रीला तेथेच बोलवावे किंवा मोटार ओढून न्यावी. जे काम केवळ पॅड बदलून भागले असते, त्यासाठी आता तबकडीही बदलावी लागते; आणि मोटार वेळेवर थांबेल याची शाश्वती राहत नाही ती वेगळीच.

खडबडीत रस्त्यावर चाकापाशी खडखड होत असेल, तर पॅड वा त्यांचे खिळे सैल झाले असतील. निसरड्या रस्त्यावर एकाएकी जोराने ब्रेक दाबला असता पेडल थरथरून करकर आवाज आला, तर मात्र बिचकून पाय उचलू नये. चाके घसरू न देणारी एबीएस ही यंत्रणा त्या वेळी आपले काम करीत असते.

सर्वांत भयंकर बिघाड मात्र निमूट असतो. पेडल मऊ लागणे, ते खाली खाली जाणे, मोटार एका बाजूस ओढली जाणे, समोरचा तांबडा दिवा पेटणे ही लक्षणे दिसताच मोटार सुरक्षित जागी थांबवावी. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते आणि त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. चोर्ला किंवा आंबोलीसारखा घाट उतरताना ब्रेक सारखा दाबून ठेवला, तर तापलेल्या ऑइलमध्ये बाष्प होऊन ब्रेक लागेनासा होतो. म्हणून घाट खालच्या गिअरमध्ये उतरावा आणि ऑइल साधारण दोन वर्षांनी, किंवा मोटारीच्या पुस्तिकेत सांगितले असेल त्याप्रमाणे, बदलावे.

विद्यार्थिमित्रहो, काचा बंद करून मोटार चालविणाऱ्यास चाकांचा आवाज पुष्कळदा ऐकू येत नाही. अंगणात किंवा रस्त्याकडेला उभे असलेल्या तुम्हांस तो स्पष्ट ऐकू येतो. तो कोणत्या चाकाचा, केव्हा येतो, ब्रेक सोडल्यावर थांबतो की नाही, एवढे टिपून घरच्या वडीलधाऱ्यांना सांगा. मिस्त्रीचे निम्मे काम त्यानेच हलके होईल, आणि पुढच्या वळणावर रस्ता ओलांडणाऱ्या एखाद्या अनोळखी माणसाचा जीवही कदाचित त्यामुळे वाचेल.