दुचाकीची देखभाल : सर्व्हिसिंग झालं आणि तेल गळू लागलं

मागच्या आठवड्यात आपण चेनपर्यंत आलो होतो. आजचा विषय रत्नागिरीत मे महिन्याच्या अखेरीस हमखास निघतो, कारण पावसाळ्याआधी गाडी सर्व्हिसिंगला टाकायची इकडे सगळ्यांनाच घाई. गाडी गॅरेजमधून येते, रात्रभर पडवीत उभी राहते आणि सकाळी इंजिनाखाली फरशीवर काळा डाग दिसतो.

लगेच पाना उचलू नका. आधी गळत नव्हतं, तर त्या दिवशी जे उघडलं त्याच्यावरच संशय घ्यायचा. खालचा ड्रेन बोल्ट आणि तेल भरायचं बूच तर उघडलेलं असतंच. पल्सरसारख्या गाडीत फिल्टरचं झाकण आणि त्याची ओरिंगही आली. स्प्लेंडरला कागदी फिल्टर नाही, त्यामुळे तिथे शोध आणखी सोपा. इंजिनाचं पॅकिंग नेमकं त्याच दिवशी जाईल, असं सहसा होत नाही. कधी कधी तर गळती नसतेच. तेल काढताना खाचांत साचलेलं सावकाश निथळत असतं.

म्हणून आधी इंजिनाचा खालचा भाग डिझेलने किंवा केरोसीनने पुसून कोरडा करा, पण इंजिन थंड असताना. मग भाट्याच्या पुलापलीकडे पावसच्या रस्त्याला एक फेरी मारून या. चालत्या गाडीत वारा तेल मागे ढकलतो, त्यामुळे थेंब जिथे पडतो तिथे दोष असेलच असं नाही. सर्वांत वरची आणि पुढची ओली जागा शोधायची. यात जांभ्याची लाल धूळ मदतीला येते. ती ताज्या तेलाला चिकटते आणि वाट दाखवते. पाऊस सुरू झाला की ही सोय संपली.

बहुतेक वेळा वाट ड्रेन बोल्टपाशी जाते. बोल्ट पोलादाचा, इंजिनाची बॉडी ॲल्युमिनियमची आणि दोघांमध्ये एक मऊ वायसर. हा वायसर दाबला जाऊन जागा बंद करतो. एकदा दबला की पुन्हा तितका दबत नाही, तरी काही रुपयांचा वायसर बदलायचा कंटाळा केला जातो. मग गळतं, मग बोल्ट आणखी आवळला जातो. छोट्या गाड्यांना लागणारा जोर साधारण २५ ते ३० न्यूटन-मीटर असतो. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात पाहावा. २५ न्यूटन-मीटर म्हणजे पाव मीटर लांब पान्याच्या टोकाला फक्त १० किलोचा भार. पान्यावर पाय देऊन उभं राहणारे मी पाहिलेत, आणि वायसर वाचवून बॉडीचे आटे घालवणारा हा हिशेब मला कधीच कळलेला नाही. गॅस्केटची चिकट पेस्ट फासणं तर त्याहून वाईट: तिचे तुकडे आत सुटले तर तेलाच्या जाळीत अडकतात.

दुसरं कारण, तेल जास्त होणं. पुस्तकात बहुधा दोन आकडे असतात, नुसतं तेल बदलताना लागणारं आणि इंजिन पूर्ण उघडल्यावर लागणारं. दुसरा आकडा धरून अख्खा डबा ओतला, की जादा तेल ब्रीदरच्या नळीतून एअर फिल्टरच्या डब्यात जातं आणि तिथून खाली टपकतं. पातळी पाहताना गाडी मधल्या स्टँडवर, सपाट जागी हवी. स्प्लेंडरची डिपस्टिक आटे न फिरवता नुसती टेकवून पाहायची असते. बाजूच्या स्टँडवर पाहिलेली पातळी फसवी.

वायसर बदलायला काढलेलं तेल स्वच्छ भांड्यात धरलं तर परत भरता येतं. जुनं काळं तेल मात्र परसात ओतू नका. जांभा सच्छिद्र, आणि खाली विहिरीचं पाणी. मागच्या टायरला तेल लागलं असेल तर साबणाने धुतल्याशिवाय गाडी हातखंब्याच्या पुढे, आंबा घाटाकडे काढू नये.

नव्या वायसरनेही गळती थांबली नाही आणि बोल्ट आवळताना नुसताच फिरत राहिला, तर आटे गेले. मोठा बोल्ट ठोकून बसवू देऊ नका. वर्कशॉपमध्ये हेलिकॉइल, म्हणजे तारेचे नवे आटे, बसवून घ्या. पुढच्या चेनचाकाच्या झाकणामागून येणारं तेल हे वेगळं प्रकरण: तिथे शाफ्टचं सील असतं, आणि चेनला मारलेलं वंगणही तिथेच उडून साचतं. ते पुढच्या आठवड्यात.