डाग पक्ष्याचा, ओरखडा फडक्याचा

एप्रिलमधला रविवार. आमच्या सोसायटीच्या फाटकाशी उंबराचं जुनं झाड आहे आणि उन्हाळ्यात त्याच्या सावलीत गाडी लावायला मिळावी म्हणून सगळ्यांची धडपड चालते. त्या दिवशी ती जागा मला मिळाली. दुपारी खाली आलो, तर सावली सरकून गेलेली आणि निळ्या बॉनेटवर रुपयाएवढी शीट कडकडीत वाळलेली. मला घाई होती. दाराच्या खणातलं फडकं काढून चार वेळा जोरात फिरवलं. डाग निघाला, मीही निघालो. संध्याकाळी पार्किंगच्या दिव्याखाली पाहिलं, तेव्हा त्या जागी कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक गोल ओरखडे दिसले आणि मधोमध एक निस्तेज ठसा. दुसऱ्या दिवशी ओळखीच्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे गेलो. त्यानं बॉनेटवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, “मधला ठसा पक्ष्याचा आहे. बाकीचे ओरखडे फडक्याचे.”

त्याचं बोलणं शब्दशः खरं होतं. पक्ष्याच्या शिटेनं रंगाचं जेवढं नुकसान होतं, तेवढंच, कित्येकदा त्याहून जास्त, ती चुकीच्या पद्धतीनं काढल्यानं होतं. हे टाळणं अवघड नाही. मात्र आधी शिटेत काय असतं आणि रंगावर ती काय करते, हे समजून घ्यायला हवं.

उडणाऱ्या पक्ष्यांना मूत्राशय नसतं. शरीरातला टाकाऊ नायट्रोजन ते आपल्यासारखा पातळ लघवीतून टाकत नाहीत, तर युरिक आम्लाच्या रूपानं, जवळजवळ घट्ट लगद्यासारखा बाहेर टाकतात. त्यामुळे पाणी वाचतं आणि उडताना वजनही कमी राहतं. शिटेतला पांढरा भाग तो हाच. हे आम्ल पाण्यात फारच कमी विरघळतं: नेहमीच्या तापमानाच्या १ लिटर पाण्यात जेमतेम ६० मिलिग्रॅम. म्हणूनच बादलीभर पाणी नुसतं फेकून वाळलेली शीट जात नाही. मधला काळा-हिरवा भाग म्हणजे पचलेल्या अन्नाचा चोथा. त्यात अन्न फोडणारी पाचक विकरं शिल्लक असतात. शिवाय उंबर-वडाच्या फळांतल्या खसखशीएवढ्या टणक बिया असतात आणि दाणे टिपणाऱ्या पक्ष्यांनी दळणासाठी पोटात घेतलेली वाळूही थोडीफार येते. अशा शिटेवर कोरडं फडकं फिरवणं म्हणजे रंगावर पॉलिशपेपर घासणंच.

आता रंगाकडे पाहू. आजच्या गाडीच्या पत्र्यावर एकावर एक चार थर असतात: गंज रोखणारा पहिला थर, त्यावर प्रायमर, मग आपल्याला दिसतो तो रंग आणि सगळ्यांत वर पारदर्शक लॅकर, म्हणजे क्लिअर कोट. हे चारही थर मिळून साधारण १०० ते १२० मायक्रॉन भरतात. त्यात क्लिअर कोटचा वाटा ४०-५० मायक्रॉनचा, म्हणजे डोक्यावरच्या केसाच्या जाडीपेक्षा सहसा कमीच. गाडीची चकाकी या थरावर अवलंबून असते आणि उन्हातल्या अतिनील किरणांपासून खालचा रंग वाचवण्याचं कामही तोच करतो.

उन्हात उभ्या असलेल्या गडद गाडीचा पत्रा ६०-७० अंश सेल्सिअसपर्यंत तापतो. या उष्णतेनं क्लिअर कोट किंचित मऊ पडतो, प्रसरण पावतो. वर पडलेली शीट मात्र वाळून टणक होते, आकसते आणि खालच्या मऊ थराला धरून बसते. संध्याकाळी पत्रा थंड झाला की क्लिअर कोट शिटेच्या खडबडीत आकाराभोवतीच पुन्हा घट्ट होतो. शीट काढल्यावर दिसणारा निस्तेज ठसा बऱ्याचदा असा उमटलेला असतो. जोडीला रासायनिक झीजही चालू असते. इराणमधल्या रंगसंशोधकांनी पक्ष्यांची खरी शीट आणि पॅनक्रिएटिन, म्हणजे स्वादुपिंडातल्या पाचक विकरांचं मिश्रण, या दोन्हींचा क्लिअर कोटवर होणारा परिणाम ताडून पाहिला. दोन्हींनी केलेली हानी एकाच प्रकारची निघाली. म्हणजे जी विकरं पक्ष्याच्या पोटात अन्न फोडतात, तीच लॅकरच्या रासायनिक साखळ्याही तोडतात. उष्णता वाढेल तसा हा वेग वाढतो. म्हणून थंडीत दोन दिवस राहिलेला डाग सहज निघून जातो आणि मे महिन्यात एका दुपारीत ठसा पडतो.

काढायचं कसं?

पहिली गोष्ट, गाडी सावलीत घ्या आणि पत्रा थंड होऊ द्या. तापलेल्या पत्र्यावर पाणी टाकलं की ते लगेच उडून जातं आणि त्यातल्या क्षारांचे नवे डाग पडतात.

मग जुना सुती रुमाल किंवा टिश्यूपेपरच्या चार-पाच घड्या कोमट पाण्यात चिंब भिजवून डागावर नुसत्या ठेवा. दाबू नका, घासू नका. दहा मिनिटं थांबा. शीट जुनी असेल तर कापड सुकण्याआधी पुन्हा पाणी घाला आणि आणखी दहा मिनिटं द्या. पोळ्या लाटून झाल्यावर परातीत वाळलेली कणीक आपण खरवडत नाही, पाणी घालून बाजूला ठेवतो. इथेही तेच करायचं.

पाण्यानं भागत नसेल, तर अर्धा लिटर कोमट पाण्यात चमचाभर खायचा सोडा पूर्ण विरघळवून त्यात कापड भिजवा. सोडा अल्कधर्मी असल्यानं युरिक आम्ल जास्त विरघळतं. सोड्याचे कण मात्र पाण्यात राहू देऊ नका, तेही ओरखडे काढतात.

शीट मऊ झाली की स्वच्छ मायक्रोफायबर कापडानं कडेकडून मध्याकडे हलकेच उचलून घ्या. एकदा उचलल्यावर कापडाची घडी बदला. मळलेली बाजू पुन्हा रंगाला लागता कामा नये. शेवटी भरपूर पाण्यानं ती जागा धुवा आणि दुसऱ्या कोरड्या मऊ कापडानं टिपून घ्या.

लिंबू आणि व्हिनेगर रंगाला लावू नका, ती स्वतःच आम्लं आहेत. भांड्यांचा साबण गाडीवरचं वॅक्स धुऊन नेतो. पेट्रोल, थिनर, टूथपेस्ट आणि भांड्यांची घासणी या चार वस्तू तर गाडीच्या जवळही आणू नयेत. नखानं खरवडणंही नको.

डाग गेला आणि ठसा राहिला, तर घाबरून लगेच रबिंग करून घेऊ नका. गाडी स्वच्छ धुऊन तासभर उन्हात उभी करा. ठसा ताजा असेल, तर उष्णतेनं क्लिअर कोट पुन्हा सैलावतो आणि कधीकधी ठसा बराच फिका होतो. मग ती जागा नखानं अलगद चाचपून पाहा. नख अडकत नसेल, तर बारीक पॉलिश आणि फोमचा पॅड वापरून हातानं तो घालवता येतो. नख अडकत असेल, तर जाणकार कारागिराकडेच जा. पॉलिशच्या प्रत्येक हातासरशी क्लिअर कोट थोडा झिजत असतो आणि झिजलेला थर परत येत नाही. माझ्या बॉनेटवरचे ओरखडे त्या कारागिरानं काढून दिले, पण निरोप देताना बजावलं, “हे दर वर्षी करता येणार नाही.”

म्हणून आधीची काळजी महत्त्वाची. दोन-तीन महिन्यांनी एकदा चांगलं वॅक्स लावलं, तर शीट थेट लॅकरला भिडण्याआधी एक थर मध्ये राहतो. सिरॅमिक कोटिंगही उपयोगी आहे. मात्र कोटिंग केलं म्हणजे डाग पडणारच नाही, हा समज चुकीचा. डाग काढायला काही तास जास्त मिळतात, एवढाच त्याचा अर्थ.

एक काळजी आपल्या फुप्फुसांचीही घ्यायला हवी. कबुतरांच्या वाळलेल्या विष्ठेची धूळ सतत श्वासात गेल्यानं फुप्फुसांचा गंभीर आजार होऊ शकतो. २०२५ मध्ये दादरच्या कबुतरखान्यावरून जो वाद पेटला, त्याच्या मुळाशी हाच आरोग्याचा प्रश्न होता. तेव्हा वाळलेली शीट झटकू नका, भिजवूनच काढा. डाग बरेच असतील तर तोंडाला मास्क लावा आणि काम झाल्यावर साबणानं हात धुवा.

आणि झाडाबद्दल. शीट पडते म्हणून फांद्या तोडण्याची मागणी प्रत्येक सोसायटीच्या सभेत कधी ना कधी होते. महाराष्ट्रात शहरी भागातल्या झाडांना १९७५ च्या कायद्यानं संरक्षण दिलं आहे आणि परवानगीशिवाय झाड तोडणं हा गुन्हा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी हिशेब झाडाच्याच बाजूचा आहे. तीच सावली क्लिअर कोटला रोजच्या उन्हापासून वाचवते, आणि त्याच झाडाच्या फळांवर तांबट, कोकीळ, बुलबुल जगतात. पक्षी फळ खाणार, बी टाकणार, आणि त्यातून कुठेतरी नवं झाड उगवणार. हे थांबावं असं कोणाला वाटेल?

गाडीच्या डिकीत पाण्याची एक बाटली आणि दोन स्वच्छ मायक्रोफायबर कापडं आजच ठेवा. डाग दिसला की त्याच दिवशी, भिजवून काढा. त्याला वीस मिनिटं लागतील. ती वीस मिनिटं द्या, म्हणजे रंगही राहील आणि उंबरही.