जिल्ह्याचे दवाखाने (४) : जामखेडच्या बायका डॉक्टरकी शिकतात

गेल्या आठवड्यात आपण नेवासे तालुक्यातल्या वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलपाशी थांबलो होतो. साठच्या दशकात तिथे वेल्लोरला शिकलेलं एक डॉक्टर जोडपं काम करत होतं : रजनीकांत आणि मेबल आरोळे. दवाखाना सदा भरलेला. हगवणीने सुकलेलं पोर सलाईन लावून बरं करायचं, घरी पाठवायचं, आणि काही दिवसांनी तेच पोर पुन्हा खाटेवर. विहीर तीच, घरातली चणचण तीच, मग दुसरं काय होणार? पुढे दोघं अमेरिकेला गेली. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेऊन १९७० साली परतली आणि थेट बीडच्या हद्दीला लागून असलेल्या जामखेडला आली.

अहिल्यादेवींचं चौंडी याच तालुक्यातलं, १७९५ च्या लढाईचं खर्डाही इथलंच. इतिहासाला तोटा नाही, तोटा पावसाचा. आरोळ्यांना बसायला मिळाली ती जनावरांच्या जुन्या, बंद पडलेल्या दवाखान्याची जागा. तिथे तपासणी सुरू झाली. दोनच वर्षांत १९७२ चा दुष्काळ पडला आणि डॉक्टरांना गोळ्यांच्या आधी पाण्याचा आणि धान्याचा विचार करावा लागला. कूपनलिका खणल्या, लहान मुलांसाठी गावोगाव सामूहिक स्वयंपाक सुरू केला. हातपंप जमेल तिथे दलित वस्तीत बसवले, म्हणजे पाटलाच्या वाड्यातल्या बाईलाही हंडा घेऊन तिकडेच यावं लागे. कुणाला भाषण द्यावं लागलं नाही. मला यातली हुशारी फार आवडते.

आरोग्यसेवा गावात न्यायची म्हणून आधी शिकलेल्या नर्सबाई पाठवून पाहिल्या. त्यांचं मन गावात रमेना. परक्या गावात एकटीने राहायची भीती वेगळीच. मग एका सरपंचानेच सुचवलं, की आमच्या गावातलीच एखादी बाई शिकवा ना. गावांनी निवडून पाठवलेल्या बायकांपैकी बऱ्याच दलित, कित्येक निरक्षर, काही नवऱ्याने टाकलेल्या. जामखेडला येऊन त्या एकत्र राहत, एका पंगतीत जेवत. शिकवणीआधी हे जेवण जमणं हाच मोठा धडा होता.

त्या शिकल्या काय? एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, त्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चव अश्रूंपेक्षा खारट लागली तर ओतून द्यायचं. हगवण लागलेल्या पोराचा जीव बहुतेक वेळा एवढ्यानेच वाचतो. बाळंतपणात नाळ विळ्याने कापायची नाही, तिच्यावर राख-शेण लावायचं नाही. उकळलेलं नवं पातं वापरायचं, म्हणजे बाळाला धनुर्वात होत नाही. पहिला चीक वाईट म्हणून पिळून टाकतात, तो बाळाला पाजायचा. अंगावर बधिर चट्टा दिसला तर कुष्ठरोगाची शंका घ्यायची आणि माणसाला वाळीत न टाकता गोळ्या सुरू करायच्या. सासूबाईंना हे सगळं पटवायचं कसं, ते मात्र कुठल्याच डॉक्टरला शिकवता आलं नसतं. ते या बायकांना आधीच येत होतं.

प्रकल्पाच्या गावांत १९७१ साली हजार जिवंत जन्मांमागे १७६ बाळं वर्षाच्या आत दगावत होती. १९७६ मध्ये हा आकडा ५२ वर आला.

म्हणून जामखेडचा दवाखाना लहान राहिला तरी चाललं. अडलेली बाळंतीण, पोटाचं ऑपरेशन, अपघात, सर्पदंश यांसाठी खाटा राखीव राहिल्या. पाय गेलेल्यांसाठी जयपूर फूट इथल्याच कार्यशाळेत, गावातल्याच कारागिरांच्या हातून घडू लागला. या कामाची माहिती १९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या एका पुस्तकात छापून आली. तीन वर्षांनी अल्मा-आत्याला प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा निघाला. १९७९ ला आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला, १९९० ला डॉ. रजनीकांतांना पद्मभूषण. जवळक्याच्या आरोग्यसेविका मुक्ताबाई पोळ १९८८ मध्ये वॉशिंग्टनला आरोग्य परिषदेत बोलायला गेल्या. तिथल्या झगमगत्या झुंबरांकडे बोट दाखवून त्यांनी डॉक्टर आणि आरोग्यसेविका यांच्यातला फरक सांगितला : झुंबर महाग आणि एकाच दिवाणखान्यापुरतं, साधी पणती दुसरी पणती पेटवते. सगळं सभागृह उभं राहिलं.

२००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने दर हजार वस्तीला एक ‘आशा’ नेमली, ती कल्पना जामखेडला खूप आधी चालत होती. फरक आहे तो उत्तर कुणाला द्यायचं याचा. आशाताईचं रजिस्टर वरच्या कचेरीसाठी भरलं जातं. जामखेडची सेविका गावाला जबाबदार. आता पैशाचं. जामखेडच्या सेविकांना पगार नव्हता; पोट भरावं म्हणून छोट्या धंद्यासाठी आधार मिळे. काहींना यात सेवाभाव दिसतो. मला अडचणही दिसते : बायकांचं काम फुकट धरायची सवय आपल्याला आधीचीच आहे, आणि आजही आशाताई मानधनासाठी रस्त्यावर उतरतात तेव्हा तोच प्रश्न उभा असतो.

मेबल आरोळे १९९९ मध्ये गेल्या, रजनीकांत २०११ मध्ये. काम आता त्यांची मुलं, डॉ. शोभा आणि रवी आरोळे, सांभाळतात.

(पुढील लेखांक : लोणी. साखर कारखान्याच्या परिसरात उभं राहिलेलं प्रवरा रुग्णालय.)