मोठा कॅमेरा आणि आपले चेहरे

हौसेला मोल नसते, असे म्हणतात. पण कामगाराच्या घरात हौसेचाही हिशेब मांडावा लागतो. मुलांची फी, घरभाडे, आजारपण यांतून चार पैसे बाजूला पडले, तर त्यांचा कॅमेरा घ्यावा की नाही, हा प्रश्न साऱ्या घरासमोर ठेवावा लागतो. आणि एकदा कॅमेरा घरात आला की तो कपाटात पडून राहता कामा नये. त्याचे चीज झाले पाहिजे.

आम्ही छंद म्हणून फोटो काढतो. तो आमचा धंदा नाही. बरीच वर्षे लहान सेन्सरचा कॅमेरा वापरल्यावर आता आम्ही फुल-फ्रेम डिजिटल कॅमेरा हाती घेतला आहे. तो अंगवळणी पडायला काही महिने लागतात. ज्यांच्या घरात असा कॅमेरा आला आहे किंवा येऊ घातला आहे, अशा वाचक बंधू-भगिनींसाठी हे चार शब्द.

फुल-फ्रेम म्हणजे काय?

पूर्वी रोल घालायच्या कॅमेऱ्यात फिल्मची एक चौकट ३६ मिलिमीटर रुंद आणि २४ मिलिमीटर उंच असे. जर्मनीतील लाइट्झ कंपनीत काम करणाऱ्या ऑस्कर बार्नाक यांनी या मापाचा छोटा कॅमेरा घडवला आणि १९२५ साली तो 'लायका' या नावाने बाजारात आला. पुढे जगभर हेच माप रूढ झाले. डिजिटल कॅमेऱ्यात फिल्मच्या जागी सेन्सर आला. ज्या कॅमेऱ्यात हा सेन्सर फिल्मच्या चौकटीएवढाच असतो, तो फुल-फ्रेम. आरंभी असे कॅमेरे फक्त मोठ्या व्यावसायिकांना परवडत. २००५ साली कॅननचा 'फाइव्ह-डी' आला आणि हौशी माणसालाही त्याची स्वप्ने पडू लागली.

साध्या हौशी कॅमेऱ्यातील सेन्सरपेक्षा फुल-फ्रेम सेन्सरचे क्षेत्रफळ सव्वादोन पटींहून अधिक असते. अंगण मोठे असले की पावसाचे पाणी जास्त जमते, तसा मोठ्या सेन्सरवर उजेड जास्त जमतो. म्हणून कमी उजेडाच्या खोलीतही फोटोत दाणे कमी दिसतात. मोठ्या सेन्सरचा खरा लाभ हाच.

लाखाच्या घरात जाणारी ही वस्तू नवीच घ्यावी असे नाही. वापरलेला कॅमेरा घेताना त्याचा शटर किती वेळा उघडला आहे तो आकडा विचारावा, भिंगातून उजेडाकडे पाहून आत बुरशीचे जाळे नाही ना ते तपासावे, आणि बिल मागून घ्यावे.

हात आणि पाय

पहिला धडा मानेला आणि मनगटाला मिळतो. कॅमेरा आणि भिंग मिळून किलोभर वजन सहज होते. रुंद पट्टा लावावा, डावा हात भिंगाखाली धरावा, कोपरे अंगाशी ठेवावीत.

दुसरा धडा पायांना. लहान सेन्सरवर ५० मिलिमीटरचे भिंग ७५ किंवा ८० मिलिमीटरसारखे वागते, म्हणजे माणूस जवळ ओढून दाखवते. फुल-फ्रेमवर तेच भिंग मोकळे दिसते. चेहरा पूर्वीएवढा मोठा हवा असेल तर चार पावले पुढे जावे लागते. जुने, लहान सेन्सरसाठी बनवलेले भिंग यावर बसलेच, तर कोपरे काळे पडतात किंवा कॅमेरा मधला भागच वापरतो. चोवीस मेगापिक्सेलचे मग दहा-अकराच उरतात. म्हणून पैशाचा हिशेब करताना भिंगाचा खर्च आधीच धरावा. सुरुवातीला ५० मिलिमीटरचे एक साधे भिंग पुरते.

मागच्या रांगेतले लोक

फोटोत किती खोलीपर्यंतचे स्पष्ट दिसते, हेही येथे बदलते. ५० मिलिमीटरचे भिंग पूर्ण म्हणजे १.८ वर उघडून दोन मीटरवरच्या माणसाचा फोटो काढला, तर सुमारे १७ सेंटिमीटर, वीतभरापेक्षाही कमी जागा स्पष्ट येते. लहान सेन्सरवर तेवढीच चौकट घेतली तर ही जागा सुमारे २६ सेंटिमीटर असते. एका माणसाच्या फोटोत मागचे धूसर दिसणे शोभते. पण लग्नातला कुटुंबाचा फोटो असेल, तर पुढे बसलेली सोयरी स्पष्ट आणि मागे उभे राहिलेले चुलते-मावशा धुरकट, असे होते. तेव्हा समूहाच्या फोटोला छिद्र ५.६ किंवा ८ वर ठेवावे आणि फोकस पुढच्या रांगेवर धरावा. मागे उभा राहणारा माणूसही फोटोसाठीच आलेला असतो.

पांढरी साडी, सावळा चेहरा

आता मुख्य मुद्दा. आपल्या मंगलकार्यात, जयंतीला, विहारातील कार्यक्रमात पांढरी वस्त्रे असतात. आणि आपल्यातील पुष्कळांचे चेहरे सावळे आहेत. कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर समोरचे सगळे मिळून मध्यम करडे आहे असे धरून हिशेब करतो. पन्नास पांढऱ्या साड्या समोर आल्या की त्याला वाटते, उजेड फार झाला. मग तो फोटो काळवंडतो. साड्या करड्या होतात आणि चेहऱ्यांवरचे नाक-डोळेही नीट दिसत नाहीत. काही नवे कॅमेरे चेहरा ओळखून मोजणी सुधारतात, पण सगळा भार त्यांच्यावर टाकू नये.

उपाय सोपा आहे. कॅमेऱ्यावर अधिक-उणे चिन्हाचे बटण असते. ते अधिक दोन-तृतीयांश किंवा अधिक एकवर न्यावे. एक फोटो काढून पडद्यावर पाहावा. साडीचा काठ पार पांढरा होऊन नाहीसा झाला असेल तर थोडे खाली यावे. काठही दिसला पाहिजे आणि चेहराही. दोन्हींत ओढाताण झाली तर फोटो 'रॉ' प्रकारात काढावा. फुल-फ्रेमचा सेन्सर सावलीतला बराच तपशील जपून ठेवतो, तो नंतर संगणकावर वर आणता येतो. अशा वेळी मोठ्या सेन्सरसाठी मोजलेल्या पैशाचे चीज होते.

मात्र चेहरा उजळ करणे म्हणजे गोरा करणे नव्हे. काही फोनमध्ये आणि स्टुडिओत त्वचा घासून गोरी करण्याची सोय असते. ती आम्ही वापरत नाही. आजीच्या कपाळावरच्या सुरकुत्या आणि तिचा सावळा रंग जसा आहे तसा, पण स्वच्छ दिसला पाहिजे.

हे जुने दुखणे आहे

हा प्रश्न आजचा नाही आणि फक्त आपलाही नाही. अमेरिकेतील कोडॅक कंपनी फोटो धुणाऱ्या प्रयोगशाळांना रंग जुळवण्यासाठी एक नमुना-कार्ड देत असे. त्यावर गोऱ्या तरुणीचा फोटो असे. तिला 'शर्ली कार्ड' म्हणत. तिची कातडी ठीक दिसली की रंग ठीक, असा नियम! काळ्या माणसांचे चेहरे त्यात काळोखात बुडत. लोर्ना रॉथ या कॅनडातील संशोधिकेने २००९ साली यावर लेख लिहिला. फिल्ममध्ये गडद रंगांची सुधारणा होण्यामागे चॉकलेट आणि लाकडी फर्निचरच्या जाहिरातदारांच्या तक्रारी होत्या, असे तिला कोडॅकच्या माणसांकडून कळले. माणसांच्या चेहऱ्याआधी चॉकलेटची दखल घेतली गेली! वेगवेगळ्या वर्णांच्या स्त्रियांचे कार्ड यायला १९९० चे दशक उजाडावे लागले.

पण म्हणून कोणी हात बांधून बसले नाही. गॉर्डन पार्क्स हा कृष्णवर्णीय तरुण आगगाडीत वाढप्याचे काम करी. प्रवाशांनी टाकून दिलेल्या मासिकांतले फोटो पाहून त्याला कॅमेऱ्याचे वेड लागले. त्याने गहाणवटीच्या दुकानातून जुना कॅमेरा घेतला आणि स्वतःच शिकला. १९४२ साली त्याने वॉशिंग्टनमधील सरकारी कचेरी झाडणाऱ्या एला वॉटसन यांचा फोटो काढला. मागे अमेरिकेचा झेंडा, हातात झाडू. तो फोटो आज जगप्रसिद्ध आहे. १९४८ साली 'लाइफ' या मोठ्या साप्ताहिकाने त्याला नोकरीवर घेतले. त्याच्याकडे फुल-फ्रेम डिजिटल नव्हता. समोरच्या माणसाबद्दल आदर होता आणि उजेडाची जाण होती.

सवयीच्या चार गोष्टी

सभागृहातील ट्यूबलाइट आणि एलईडी दिवे पुष्कळदा सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. डोळ्यांना कळत नाही, पण फोटोत आडवे पट्टे येतात. तेथे शटर एक-शतांश किंवा एक-पन्नासांश सेकंदावर ठेवावा. धावणाऱ्या मुलांसाठी मात्र एक-अडीचशेवर जावे आणि आयएसओ ३२०० पर्यंत वाढवायला भिऊ नये.

चोवीस मेगापिक्सेलची रॉ फाइल पंचवीस-तीस एमबीची असते. कार्यक्रमाला पाचशे फोटो काढले की पंधरा जीबी गेले. फोटो त्याच रात्री दोन ठिकाणी उतरवावेत आणि मगच कार्ड मोकळे करावे.

पावसाळ्यात भिंगाला बुरशी धरते. झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून कॅमेरा ठेवावा. चामड्याच्या बंद पिशवीत महिनोन् महिने ठेवू नये.

आणि शेवटचे म्हणजे फोटो कागदावर छापावेत. चोवीस मेगापिक्सेलचा फोटो वीस इंच बाय तेरा इंचांपर्यंत सुरेख येतो. एवढा मोठा नको. पोस्टकार्डाएवढा छापून ज्याचा त्याला नेऊन द्यावा. आपल्या कित्येक घरांत आजोबा-पणजोबांचा एकही फोटो नाही. त्यांचा चेहरा कसा होता, हे नातवंडांना सांगायलाही कोणी उरले नाही. आज आपल्या हाती साधन आले आहे. कोणा एका घरचा कॅमेरा असला तरी शेजारच्या चार घरांतील म्हाताऱ्या माणसांना रविवारी सकाळी दाराशी बसवावे, उजेड पाहून, सावकाश, नाव-गाव विचारून त्यांचा एकेक फोटो काढावा आणि मागे तारीख घालावी. कॅमेऱ्याशी ओळख होण्याचा यापेक्षा चांगला अभ्यास नाही.