परदेशातील निवृत्तिनिधी आणि दोन देशांची करआकारणी

परदेशी नोकरीच्या काळात साठविलेला निवृत्तिनिधी मायदेशी परतल्यावर काढावयाचा झाल्यास त्यावर कर कोणत्या देशाने घ्यावा, हा प्रश्न आता केवळ मुंबई-पुण्यापुरता राहिलेला नाही. प्रस्तुत लेखात जालना जिल्ह्यातील एक कल्पित उदाहरण घेऊन त्याचा विचार करावयाचा आहे.

अंबड तालुक्यातील एक अभियंता १९९८ साली अमेरिकेत गेला व मे २०२३ मध्ये, वयाच्या ५२ व्या वर्षी, जालना शहरी कायमचा परतला, असे समजू. अमेरिकेचे नागरिकत्व त्याने घेतलेले नाही. तेथील ‘४०१ (के)’ खात्यात मात्र त्याचा निधी आहे. १९७८ च्या अमेरिकन महसूल अधिनियमातून निघालेल्या या खात्याचे सामान्य तत्त्व असे की, वेतनातून भरलेल्या रकमेवर व तिच्या वाढीवर त्या वेळी प्राप्तिकर पडत नाही. तो रक्कम काढतेवेळी पडतो.

भारतीय कायद्याची दृष्टी निराळी आहे. येथील पूर्ण निवासी व्यक्तीचे जगातील सर्व उत्पन्न करपात्र असते. त्यामुळे खात्यात जमा होणारे व्याज व लाभांश, हाती न येताही, दरसाल करपात्र ठरू शकत. म्हणजे एकाच वाढीवर भारताचा कर आज आणि अमेरिकेचा कर कित्येक वर्षांनी! एका देशात भरलेल्या कराचे श्रेय दुसऱ्या देशात मिळते हे खरे. परंतु दोन्ही कर भिन्न वर्षांत पडल्यास ते श्रेय कशावर मागावयाचे? अडचण दराची नसून काळाची होती.

२०२१ च्या वित्त अधिनियमाने १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यात कलम ८९-अ घालून ही अडचण दूर केली. अमेरिका, ब्रिटन व कॅनडा हे देश त्यासाठी अधिसूचित झाले. तेथे निवासी असताना उघडलेल्या खात्यातील उत्पन्नावर, खातेदाराने तसा विकल्प दिल्यास, त्या देशात रक्कम काढतेवेळी कर लागेल त्याच वर्षी भारतातही कर लागतो. १ एप्रिल २०२६ हा ज्याच्या अंमलाचा आरंभदिन, त्या २०२५ च्या प्राप्तिकर अधिनियमातही ही सवलत ठेवलेली आहे. विकल्प विवरणपत्राच्या मुदतीत द्यावा लागतो, आणि एकदा दिला की मागे घेता येत नाही.

आता रक्कम कशी काढावी, हे पाहू. भारत-अमेरिका करसंधी १९८९ साली झाली व १९९० च्या डिसेंबरात अमलात आली. तिच्या विसाव्या अनुच्छेदानुसार खाजगी नोकरीचे निवृत्तिवेतन केवळ निवासाच्या देशातच करपात्र असते. मात्र तेथे निवृत्तिवेतन म्हणजे ठराविक काळाने मिळणारी रक्कम होय. आपल्या अभियंत्याने सगळा निधी एकरकमी काढला, तर या व्याख्येचा आधार दुर्बळ होतो. अनिवासी परकीयाच्या अशा रकमेतून अमेरिकेत सामान्यतः ३० टक्के कपात होते. शिवाय साडेएकोणसाठ वर्षांपूर्वी काढलेल्या रकमेवर, काही अपवाद वगळता, १० टक्के अधिक कर पडतो. १,००,००० डॉलरांपैकी ४०,००० डॉलर अशा रीतीने अडकू शकतात. ही कपात म्हणजे अंतिम कर नव्हे. विवरणपत्र भरून हिशेब करता येतो. परंतु वार्धक्याची तजवीज म्हणून ठेवलेल्या पैशाचा एवढा हिस्सा अडकणे लहान गोष्ट नव्हे.

दोन बाबी आणखी ध्यानात घ्याव्यात. दीर्घकाळ परदेशी राहून परतलेला मनुष्य प्रारंभी दोन, क्वचित तीन वर्षे ‘निवासी परंतु सामान्यतः निवासी नसलेला’ मानला जातो. त्या काळात परदेशात उद्भवलेल्या व प्रथम तेथेच स्वीकारलेल्या अशा रकमेवर भारतात कर नसतो. दुसरे असे की, अमेरिकन नागरिकत्व घेतलेल्या व्यक्तीस विसाव्या अनुच्छेदाचा हा लाभ पुरता मिळत नाही. संधीने अमेरिकेचा आपल्या नागरिकांवरील करहक्क राखून ठेवला आहे. अमेरिकेचे सामाजिक सुरक्षा वेतन तर, निवास कोठेही असो, अमेरिकेतच करपात्र आहे.

तात्पर्य, परतलेल्या गृहस्थाने प्रथम आपला निवासी दर्जा ठरवावा, नंतर विकल्पाचा निर्णय मुदतीत घ्यावा, आणि रक्कम एकदम काढावी की हप्त्यांनी, याचा विचार त्यानंतर करावा. हा क्रम उलटला, तर पुढे दुरुस्तीला फारसा वाव उरत नाही.