नागासाकीच्या टेकडीवरील वसईकर

वेदना ही वेदनाच असते, आणि तिला सुख म्हणावयास लावणारा कोणताही उपदेश मनुष्याच्या देहाशी प्रतारणा करतो. तथापि श्रद्धेपायी वाट्यास आलेल्या छळातही अंतःकरण आनंदित राहू शकते, ही ख्रिस्ती परंपरेची धारणा प्रेषितांच्या काळापासून चालत आली असून, ज्या पत्रात पौलाने आनंदाचा वारंवार उच्चार केला, ते फिलिप्पैकरांस लिहिलेले पत्र त्याने बंदिवासातूनच धाडले होते.

या आनंदाचे स्वरूप वसईच्या एका सुपुत्राच्या चरित्रात स्पष्ट दिसते. पोर्तुगीज पिता व याच मुलखातील माता यांच्या पोटी जन्मलेला गोन्सालो गार्सिया तरुणपणीच जपानात गेला, तेथे काही काळ व्यापारात रमला, आणि पुढे मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात साधा धर्मबंधू म्हणून दाखल झाला. जपानी भाषा अवगत असल्यामुळे १५९३ साली त्याच संघातील धर्मगुरू पेद्रो बाप्तिस्ता यांच्यासमवेत दुभाष्या म्हणून त्याची पुन्हा जपानात रवानगी झाली. १५९६ मध्ये सान फेलिपे हे स्पॅनिश जहाज तेथील किनाऱ्यास लागून निकामी झाले, त्यावरील माल जप्त झाला, आणि धर्मोपदेशकांच्या मागोमाग स्पेनचे सैन्य येईल या संशयाने सत्ताधीश हिदेयोशी याने गोन्सालोसह चोवीस जणांच्या देहान्ताचा हुकूम सोडला.

क्योतो येथे कैद्यांचे डावे कान छाटून त्यांची गाड्यांतून धिंड काढण्यात आली, आणि ऐन हिवाळ्यात त्यांना दूरच्या नागासाकीकडे चालविण्यात आले. वाटेत त्यांची शुश्रूषा करणारे दोघे श्रद्धावंतही पकडले गेले, त्यामुळे चोविसांचे सव्वीस झाले. त्यांत चौदा वर्षांचा थॉमस कोझाकी हा आपल्या पित्यासह होता. त्याने वाटेतून आईस पत्र लिहून आमच्यासाठी शोक करू नकोस असे विनविले, आणि त्याच पत्रात धाकट्या भावांची काळजीही वाहिली. मला हे पत्र फार मोलाचे वाटते. कारण स्वर्गाची खात्री बाळगणाऱ्या या मुलाच्या मनातून घर सुटलेले नाही, आणि त्याचा आनंद मायेचा गळा घोटून उभा राहिलेला नाही.

५ फेब्रुवारी १५९७ रोजी निशिझाका टेकडीवर सर्वांना क्रुसांवर बांधून भाल्यांनी भोसकण्यात आले. क्रुसावरून त्यांच्यापैकीच पॉल मिकी याने लोकांस उपदेश केला व मारणाऱ्यांस क्षमा केली. ज्या ख्रिस्ताने असेच मरण पत्करले त्याच्या सहवासात आपण आहोत, ही जाणीव हेच त्या धैर्याचे मूळ होते. यातनांची आवड हे त्याचे मूळ नव्हे. दुसऱ्या शतकातील पोलिकार्पच्या हौतात्म्याच्या वृत्तान्तात तर स्वतः होऊन शिक्षा ओढवून घेणाऱ्या आणि ऐन वेळी कच खाणाऱ्या क्विंतस नामक इसमाचे उदाहरण देऊन, अशी उतावीळ मान्य नसल्याचे स्पष्ट नमूद केले आहे.

१८६२ साली पोप नववे पायस यांनी या सव्विसांना संतपद दिले, आणि वसईचा गोन्सालो गार्सिया हा भारतात जन्मलेला पहिला संत ठरला.