उपलब्ध आवृत्त्यांची यादी वाचायची कशी?

मागच्या वेळी आपण एनव्हीएम बसवलं. आता प्रश्न असा, की नोड.जेएसची नेमकी कोणती आवृत्ती उतरवून घ्यायची? त्यासाठी दोन आज्ञा आहेत आणि त्यांची गल्लत फार होते. ‘एनव्हीएम एलएस’ आपल्या मशीनवर काय आहे ते सांगते. ‘एनव्हीएम एलएस-रिमोट’ नोडच्या सर्व्हरवरची यादी आणून दाखवते, म्हणजे तिला नेट लागतं. कॉलेजच्या लॅबमध्ये प्रॉक्सी असली आणि ती टर्मिनलला सांगितलेली नसली, की इथे नुसतं ‘एन/ए’ उमटतं. आवृत्त्या संपल्या असा त्याचा अर्थ नव्हे हं. यादीपर्यंत पोचताच आलं नाही, एवढंच.

यादी आली की ती शेकडो ओळींची असते. जुनं वर, नवं खाली. घाबरू नका, पण एकदा वरपासून सावकाश वाचाच. ०.१२ नंतर एकदम ४ येतं, आणि मध्ये ‘आयओजेएस’ नावाच्या १, २, ३ अशा ओळी दिसतात. हे काय? तर २०१४च्या डिसेंबरात, नोडचा कारभार एकाच कंपनीच्या हातात आहे आणि काम रखडतंय म्हणून काही प्रमुख मंडळींनी वेगळी चूल मांडली. तेच आयओजेएस. २०१५च्या सप्टेंबरात दोन्ही घरं पुन्हा एक झाली आणि आकडा ४ पासून सुरू झाला. भांडण मिटलं, पण यादीत त्याची खूण राहिली!

आता मुद्द्याचं. काही ओळींपुढे ‘एलटीएस’ आणि एक नाव असतं: ४ला आर्गॉन, ६ला बोरॉन, ८ला कार्बन. मूलद्रव्यांची नावं, इंग्रजी वर्णक्रमाने. २२ला मात्र ‘जोड’, म्हणजे आयोडिनचं जर्मन नाव. एलटीएस म्हणजे दीर्घकाळ दुरुस्त्या मिळणारी आवृत्ती, आणि या सगळ्या सम आकड्यांच्या आहेत. आज्ञेला ‘डॅश डॅश एलटीएस’ जोडलं, की तेवढ्याच ओळी उरतात.

पण सावध. ४.९.१पुढे आजही ‘लेटेस्ट एलटीएस: आर्गॉन’ असंच लिहिलेलं दिसतं. वाचणाऱ्याला वाटतं, ताजी आणि सुरक्षित. प्रत्यक्षात आर्गॉनची देखभाल एप्रिल २०१८मध्येच थांबली. ‘लेटेस्ट’चा अर्थ इथे ‘त्या शाखेतली शेवटची’ इतकाच. काय उपलब्ध आहे ते यादी सांगते. काय वापरण्याजोगं आहे ते सांगत नाही. सुरक्षेच्या दुरुस्त्या बंद झालेल्या आवृत्तीवर लोकांचे पासवर्ड सांभाळणारा सर्व्हर चालवणं, हे आम्हाला तरी बेजबाबदारपणाचं वाटतं.

शिवाय ठरलेली तारीखही अलीकडे येऊ शकते. १६चं तसंच झालं: तिच्यातल्या ओपनएसएसएलच्या आवृत्तीचा आधार ११ सप्टेंबर २०२३ला संपणार होता, म्हणून १६लाही त्याच दिवशी निरोप दिला. तेव्हा यादीतून आकडा निवडला, की नोडच्या संकेतस्थळावरचं वेळापत्रक उघडा आणि त्यातली अखेरची तारीख बघा. मग तो आकडा प्रकल्पातल्या ‘डॉट एनव्हीएमआरसी’ फाइलमध्ये लिहून ठेवा, म्हणजे शेजारच्या मित्राकडे नुसतं ‘एनव्हीएम इन्स्टॉल’ म्हटलं तरी तीच आवृत्ती उतरेल.